पंडिता रमाबाईंचे धर्मांतर

आपल्या घरांत रमाबाई हे नाव निघाले की प्रथम डोळ्यांसमोर येते ती माता रमाई. बाबासाहेबांच्या संसाराचा गाडा ओढता ओढता झिजून गेलेली ती माउली. मराठी माणसाला दुसऱ्याही एक रमाबाई ठाऊक आहेत, न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी. आज आम्ही ज्यांचे चरित्र देत आहोत त्या तिसऱ्या, पंडिता रमाबाई. जन्माने चित्पावन ब्राह्मण, विवाहाने शूद्र गणलेल्या जातीच्या घरातल्या, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेल्या.

बौद्ध पाक्षिकात ख्रिस्ती झालेल्या बाईचे चरित्र कशाला, असे काही उपासक विचारतील. विचारणे रास्त आहे. पण १८८३ साली या बाईने जुना धर्म टाकला तेव्हा पुण्यातील शहाणेसुरते लोक तिच्यावर तुटून पडले, आणि तिची बाजू लेखणीने मांडायला जे पुढे आले त्यांत महात्मा जोतीराव फुले होते. बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीने बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले तेच हे जोतीराव. त्यांना ज्या धर्मांतरात अर्थ दिसला ते आपण समजून घ्यायला नको काय? शिवाय दीक्षा घेतल्यानंतर नवदीक्षित कुटुंबापुढे जे प्रश्न उभे राहतात, म्हणजे नातलगांचे, ताटातल्या अन्नाचे, लेकरांचे आणि नव्या धर्मातल्या अधिकाऱ्यांचे, ते सारे या बाईच्या वाट्याला आले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आता कर्नाटक राज्यात मोडते. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान होते. तरुणपणी ते पुण्यात शिकायला असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. बाईमाणसाच्या तोंडून शुद्ध श्लोक ऐकून अनंतशास्त्री चकित झाले आणि आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे असे त्यांनी ठरविले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. ती वारल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, यात्रेत असता गोदावरीच्या काठी स्नानाला आलेल्या एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. ओळख आदल्या दिवसाची, लग्न दुसऱ्या दिवशी! ही लक्ष्मीबाई. तिला मात्र शास्त्रीबुवांनी संस्कृत शिकविले, आणि त्यापायी गावाचा रोष पत्करून जंगलात घर बांधून राहिले.

उडुपीच्या मठात त्यांना जाब द्यावा लागला. तेथे शेकडो पंडितांपुढे त्यांनी शास्त्रांतील आधार काढून दाखविले की स्त्रियांनी व शूद्रांनी संस्कृत शिकायला हरकत नाही. पण यात एक मेख होती, ती आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. पुराणे व काव्ये शिकावीत, वेद मात्र शिकू नयेत, अशी शास्त्रीबुवांची स्वतःचीही श्रद्धा होती. एवढा धीट माणूस, जातभाईंशी भांडणारा. पण वेदांच्या उंबरठ्याशी येऊन त्याचीही पावले थांबली. ज्या ग्रंथांच्या आधारे तुम्ही सुटका मागता त्याच ग्रंथांत तुमची बेडी घडलेली असते, ती ही अशी.

आई पहाटे, पाखरे जागी होण्याआधी, मांडीवरच्या झोपाळू रमेला उठवून श्लोक सांगे. घरकामाला लागण्यापूर्वी तेवढाच वेळ तिला मिळे. अशा रीतीने बारा-पंधरा वर्षांच्या वयात भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या तोंडी झाले. शास्त्रीबुवांची मिळकत दानधर्मात व अतिथींच्या सरबराईत केव्हाच संपली होती. सारे कुटुंब या तीर्थाहून त्या तीर्थाला पुराण सांगत हिंडू लागले. थोरल्या मुलीचे लग्न लहानपणी करून पस्तावल्यामुळे रमेचे लग्न त्यांनी केले नाही. हा पस्तावा तिच्या पथ्यावर पडला असेच म्हटले पाहिजे.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. अंगावरचे, घरातले होते नव्हते ते विकले. त्यातूनही ब्राह्मणभोजने, स्नाने, अनुष्ठाने चालूच होती. देव प्रसन्न होईल म्हणून. भीक मागायची लाज आणि हाताने मजुरी करायला विद्या आडवी! तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. १८७४ साली आंधळे झालेले वडील गेले. महिना-दीड महिन्यात आई गेली. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला चार ब्राह्मण हवेत. गावातून मिळाले दोन. तिसरा मुलगा आणि चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. ती बुटकी असल्याने खांद्याची उंची जुळेना, म्हणून तिरडीचे ते टोक तिने डोक्यावर घेतले आणि तशीच दूरच्या स्मशानापर्यंत चालत गेली.

जन्मभर ज्या जातीला दान दिले तिच्यातले चार खांदे शेवटी मिळाले नाहीत. हे आम्ही कुत्सितपणे लिहीत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसांना प्रेताची विटंबना काय असते हे कोणी शिकवायला नको. पण रमाबाईंची श्रद्धा पहिल्यांदा हलली ती कोणा मिशनऱ्याच्या पुस्तकाने हलली नाही, या रानात हलली. इतकी वर्षे केलेली व्रते आणि तीर्थे कुठे गेली, हा प्रश्न तिला आणि भाऊ श्रीनिवास याला त्यानंतर सोडीना.

भावंडे पायी पायी हिंदुस्थान पालथा घालीत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची ही मुलगी एका दिवसात देशभर नावाजली. कलकत्त्यातच तिने ख्रिस्ती लोकांची सभा पहिल्यांदा पाहिली. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकत होते. तिला वाटले, हे खुर्चीची पूजा करतात! सांगायचा मुद्दा असा की या धर्माचे तिला पहिल्या भेटीत आकर्षण वाटले नव्हते, हसू आले होते.

पुढचा प्रसंग मात्र गंभीर आहे. पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत, अशी पंडितांनी तिला गळ घातली. त्यासाठी तिने धर्मशास्त्रे मुळातून वाचायला घेतली. वाचता वाचता तिच्या ध्यानात आले की हे ग्रंथ एकमेकांशी जवळजवळ प्रत्येक बाबतीत भांडतात. एकमत फक्त दोन ठिकाणी होते. स्त्री, मग ती उच्च कुळातली असो वा नीच, स्वभावतःच अपवित्र. आणि तिला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही. शूद्रांविषयीचा निकालही तसाच. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाचे पुस्तक ठेवले तेव्हा, वडिलांनी जे दार बंद ठेवले होते ते उघडण्यापूर्वी ती बिचकली, पण उघडले. आतही तिला पाहिजे ते मिळाले नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा ज्यांना ते कृत्य आततायी वाटले त्यांनी या ब्राह्मण पंडितेने पन्नास वर्षे आधी तेच पुस्तक वाचून काय निष्कर्ष काढला होता, तो पाहायला हवा होता.

१८८० साली ढाक्याला श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबाबू शूद्र गणलेल्या जातीतले. १८७२ च्या ज्या कायद्याखाली हा विवाह झाला त्यात वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानीत नाही असे लिहून द्यावे लागे. तेव्हा ख्रिस्ती होण्यापूर्वी तीन वर्षे ही बाई कागदोपत्री हिंदू धर्माबाहेर पडलेली होती. तिला बाटविली म्हणणाऱ्यांनी हे सोयीस्करपणे विसरून टाकले.

आसामातील सिलचर येथे दोघांचा संसार सुरू झाला. नवऱ्याच्या पुस्तकांत तिला लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ॲलन नावाचे एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन तिला समजावून सांगू लागले. ख्रिस्ती व्हावे असे तिच्या मनात आले, आणि ते तिने नवऱ्याला सांगितले. बिपिनबाबू मिशनच्या शाळेत शिकलेले, बायबल जाणणारे, जातीबाहेर लग्न करण्याइतके धीट. पण ते संतापले. बायकोने उघडपणे बाप्तिस्मा घ्यावा आणि लोक ज्यांना तुच्छ लेखतात अशा समाजात जाऊन बसावे, हे त्यांना सोसेना. ॲलनचे घरी येणे बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली. विचार पटणे वेगळे आणि ज्यांना जग खाली मानते त्यांच्या पंगतीत आपले नाव लागणे वेगळे. दीक्षा घेतलेली असूनही शाळेच्या दाखल्यावर, कचेरीत, नव्या वस्तीत आपण बौद्ध आहोत हे सांगताना ज्यांची जीभ अडखळते त्यांना बिपिनबाबूंची अडचण कळेल.

मुलगी मनोरमा १८८१ च्या एप्रिलात झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने वारले. संसार अवघा एकोणीस महिन्यांचा.

तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली. येथे तिने आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका आणि बायकांना तपासायला स्त्री-डॉक्टर हव्यात, असा तिचा आग्रह होता. जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे निवेदन दिले ते याच आयोगाला आणि याच वर्षी. पुण्यातच मिस हरफर्ड या मिशनरी बाईंकडे तिने इंग्रजी व मराठी नवा करार वाचला, आणि स्वतः काशीचे ब्राह्मण पंडित असताना ख्रिस्ती झालेले नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्याशी तिची चर्चा सुरू झाली. वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ साली ती इंग्लंडला निघाली ती मात्र धर्म बदलणार नाही असे सांगून.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी सेंट मेरीच्या भगिनीमंडळाच्या मठात त्या उतरल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. थोड्याच महिन्यांत आनंदीबाईंनी परक्या मुलखात आत्महत्या केली. आपल्याला बळेच ख्रिस्ती करतील या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला होता असे सांगतात. रमाबाईंवर हा मोठा आघात होता. आणि त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अडीच वर्षांच्या मनोरमेलाही सोबत दिला. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर बाप्तिस्मा इतक्या लवकर कसा, असे टीकाकारांनी विचारले. तो प्रश्न आजही टोचतो. मैत्रिणीच्या मरणाने एकाकी झालेल्या बाईला आसऱ्याच्या घरचा धर्म जवळचा वाटला असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढेच कारण मानणे म्हणजे सिलचरपासूनची तीन वर्षे पुसून टाकणे होय.

कारण त्यांनी स्वतः सांगितले आहे. लंडनमध्ये फुलहॅम येथे या भगिनींचा एक आश्रम होता. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायका तेथे राहत. त्यांना मायेने वागविले जात होते. काहींची आयुष्ये पालटली होती आणि त्या इतर रंजल्यागांजल्यांची सेवा करीत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. त्यांनी वाचलेल्या शास्त्रात अशा बाईला राजाने कुत्र्यांकडून फाडून खाववावे असा नियम होता. या लोकांना दया कोठून सुचली, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना ख्रिस्ताची आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, हलक्या मानलेल्या जमातीची बाई. आणि ख्रिस्त तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी धर्म बोलतो. पाणी मागतो! चवदार तळ्याचे पाणी ज्यांच्या आज्यापणज्यांना बंद होते त्यांना या गोष्टीचे मर्म फोडून सांगायला नको.

येथे एक विचार मनात येतो तो लिहून टाकतो. वैशालीच्या आम्रपालीचे भोजन भगवंतांनी लिच्छवी राजपुत्रांच्या आधी स्वीकारले होते. ती पुढे थेरी झाली, आणि तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. ज्या १८८३ साली रमाबाई इंग्लंडला पोहोचल्या त्याच साली लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने थेरीगाथेची पाली संहिता छापून काढली. संस्कृत पंडितेला ती वाचणे अवघड नव्हते. पण ते पुस्तक त्यांच्या वाटेवर कोणी ठेवले नाही. आपल्या देशात बुद्धाचा धम्म तेव्हा लेण्यांत होता, माणसांत नव्हता. फुलहॅमचा आश्रम मात्र समोर चालत होता.

पुण्यात गहजब झाला. कालपर्यंत जी सरस्वती होती ती एका रात्रीत कुलबुडवी झाली. जोतीरावांनी १८८५ साली सत्सार काढून या टीकाकारांचा समाचार घेतला. ब्राह्मणांचे ग्रंथ आणि ख्रिस्त्यांचे ग्रंथ दोन्ही वाचून, पारखून या बाईने निर्णय घेतला. आर्यांच्या ग्रंथांतील शूद्र आणि स्त्रिया यांच्याविषयीचा पक्षपात तिला दिसला, मग तिने तो धर्म का सोडू नये, अशी त्यांची बाजू होती. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाठिंब्याची किंमत कळते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. बाप्तिस्मा घेतला म्हणजे या बाईने आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन केली असे झाले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रांतून वाद चालला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. पटत नाही तोवर उच्चारणार नाही, असे त्या सांगत. आपण ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला, चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक हुकुमावर नव्हे, ही त्यांची भूमिका. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानात बिशप असलेल्या धर्माधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, हिंदुस्थानात तिची पत जाईल म्हणून. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभा जिंकल्या होत्या तिला हे सांगणे! त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले नाही.

ताटाचा प्रश्नही आला. रमाबाईंनी मांस जन्मभर खाल्ले नाही, आणि वाँटेजला अंडे घातलेला गोड पदार्थही त्या दूर सारीत. मठातल्या बायकांना तो जुन्या जातीचा गर्व वाटला. थोडा असेलही, जात एका स्नानाने धुऊन जात नाही. पण आपल्या देशाच्या चालीरीती टाकून गोऱ्यांचे अनुकरण करणे म्हणजे ख्रिस्ती होणे, हे त्यांना कबूल नव्हते. नेसणेही शेवटपर्यंत पांढरे सुती लुगडे. मनोरमेला कोण काय शिकविणार यावरूनही खटके उडाले. मुलगी आपल्या माणसांना परकी होऊ नये आणि न समजणारी तत्त्वे तिच्याकडून घोकून घेऊ नयेत, असा आईचा हट्ट होता. आपल्याकडे नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना ती स्वतः दिली, स्वतःच्या बावीस प्रतिज्ञांसह. नव्या धर्मातही कोणाचे मांडलिक होऊन शिरायचे नाही, ही जाण रमाबाईंना एकटीच्या बळावर, परदेशात, परक्यांच्या अन्नावर राहून टिकवावी लागली.

ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने देऊन पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. या सदनात ब्राह्मण मुलींच्या सोवळ्याची सोय होती. येथे आमचे मन अडखळते. ज्या बाईने शूद्राशी लग्न केले तिच्या पहिल्या संस्थेत जातीची चूल जपली गेली, आणि तिच्या पुस्तकात महारवाड्यातली विधवा नाही. वरच्या जातींना आत आणायचे तर हे चालवून घ्यावे लागेल असा त्यांचा हिशेब असावा.

तो हिशेबही टिकला नाही. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली जाऊन बसत. १८९३ साली केसरीने रान उठविले. रानडे, भांडारकर वगैरे सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी नेले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन होते. निराधार विधवांच्या घरात चालिकेचे उघडे दार हेही एक प्रकारचे बोलावणेच असते, हे आम्ही मान्य करतो. पण आरोप करणाऱ्यांपैकी किती जणांनी विधवेसाठी आपल्या घराचे दार उघडले होते? याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच वर्षी विवाह केला, आणि तीन वर्षांनी विधवांचा आश्रम काढला.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. तिरुपतीच्या रानातले अकरा दिवस रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, भेदरलेल्या, काही तर माणसांच्या दलालांच्या हाती पडता पडता वाचलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी शेतजमीन घेतली होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. आता जात विचारायला सवड नव्हती. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना, आंधळ्यांसाठी शिकवणूक, सारे बायकांच्या हाती. सोवळ्याची चूल जी सुधारकांच्या सभांतून विझली नाही, ती दुष्काळाने विझविली. ख्रिस्ती झालेल्यांतही जात उरते, हे बाबासाहेबांनी पुढे स्पष्ट लिहून ठेवले. तेव्हा केडगावची गोष्ट सर्वत्र झाली असे मात्र कोणी समजू नये.

शेवटची सुमारे पंधरा वर्षे रमाबाईंनी एकाच कामात घातली. त्या वेळचे मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झाले होते आणि त्यात जुन्या वेदान्ताचा वास त्यांना येई. स्वतः पंडिता असून त्यांनी पंडिती भाषा बाजूला ठेवली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशा साध्या मराठीत त्या सारा ग्रंथ उतरवू लागल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. आईने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचा अंत झाला तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. मुक्ती सदनातल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळविले, पाने छापली, आणि १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला.